कुकडीकाठची राख

कुकडी नदी सह्याद्रीत उगम पावते, जुन्नर तालुक्यातून वाहते आणि पुढे घोड नदीला मिळते. तिच्या काठी, बोरी गावाजवळ, नदीच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा एक थर आहे. दख्खनचे ज्वालामुखी तर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच थंडावले. मग गाळातील ही राख आली कोठून? तिच्यातील रासायनिक घटकांवरून ती सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीची असल्याचे आढळले. म्हणजे सुमारे ३,००० किलोमीटरांचा प्रवास!

हे कसे घडले? हवेतून खाली येणाऱ्या सूक्ष्म कणाचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. व्यास एकदशांश झाला, की वेग एकशतांश होतो. म्हणून बारीक राख दीर्घकाळ तरंगत वाऱ्याबरोबर दूर जाते. पेलाभर पाण्यात वाळू व माती ढवळून पाहा; तळ आधी कोण गाठते?

या थराच्या सान्निध्यात आदिमानवाची दगडी हत्यारे सापडली आहेत. ही राख सुमारे ७५,००० वर्षांपूर्वीच्या उद्रेकातील, की त्याहून फार जुन्या, याबद्दल शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. या खोऱ्यात माणूस केव्हापासून वावरतो, हे त्या उत्तरावर अवलंबून आहे. म्हणून तेथे सहलीला गेलात, तर थर उकरू नका. पाहा, वहीत आकृती काढा. उकरलेला थर पुन्हा रचता येत नाही.