गुडघ्यातला खड्डा जाळीने भरतो का?

प्रश्न : माझं वय ३४. कबड्डी खेळताना गुडघ्याला मार बसला. एमआरआयमध्ये कूर्चेत खड्डा दिसतो. ‘पॉलिमरची जाळी’ बसवून तो भरून येईल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, म्हणून ती आपणहून फारशी भरून येत नाही. जाळी हा पेशींना धरून ठेवणारा सच्छिद्र आधार. तो कोलॅजन, हायलुरोनिक आम्ल अशा नैसर्गिक किंवा पॉलिलॅक्टिक आम्लासारख्या कृत्रिम पॉलिमरचा असतो आणि शरीरात हळूहळू विरघळतो. एका पद्धतीत रुग्णाच्याच कूर्चापेशी प्रयोगशाळेत वाढवून कोलॅजनच्या पडद्यावर बसवतात. अमेरिकेत अशा उपचाराला २०१६मध्ये मान्यता मिळाली. दुसरीत हाडाला बारीक छिद्रं पाडून अस्थिमज्जेतल्या पेशी जाळीत उतरू देतात.

तुमच्या वयात, खड्डा मर्यादित असेल तर याचा उपयोग होऊ शकतो. मात्र पायाचा बाक किंवा फाटलेलं लिगामेंट आधी वा सोबतच दुरुस्त करावं लागतं. सांधा सगळीकडून झिजला असेल, तर जाळीचा उपयोग नाही. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे कुबड्या, मग फिजिओथेरपी. कबड्डी साधारण वर्षभर बंद. खड्ड्याचं क्षेत्रफळ आणि खोली डॉक्टरांना जरूर विचारा. निर्णय बराचसा त्यावर ठरतो.