शेततळ्याच्या छायाचित्रास योग्य उजेड

शेततळे खोदून पूर्ण झाले आणि पहिला मोठा पाऊस पडला, की तळ व उतार पाण्याखाली जातात. त्यानंतर झालेल्या कामाची साक्ष छायाचित्रच देते. रोजगार हमीच्या कामांची छायाचित्रे कामापूर्वी, काम चालू असताना व काम पूर्ण झाल्यावर अशी तीन वेळा घेण्याची पद्धत नोव्हेंबर 2017 पासून सुरू झाली, ती याच कारणाने.

प्रस्तुत लेखकाने एकदा वर्धा जिल्ह्यातील एका शेततळ्याचे छायाचित्र मे अखेरीस सायंकाळी सहा वाजता घेतले. अर्ध्याहून अधिक तळे सावलीत बुडालेले होते. आठवड्यातच पाऊस आला. तपासणीच्या वेळी छायाचित्रात तळ दिसेना, आणि पाणी ओसरेपर्यंत त्या शेतकऱ्याचे अनुदान अडून राहिले. काम चोख होते. छायाचित्राची वेळ चुकली होती.

सूर्याची उंची

तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद व तीन मीटर खोल असे तळे घ्या. बाजूचा उतार 1:1 असल्यास तो जमिनीशी 45 अंशांचा कोन करतो. सूर्य याहून खाली असेल तर त्याच्या बाजूचा उतार अंधारात राहतो. उलटपक्षी 24 मेच्या सुमारास वर्ध्यास भरदुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. तेव्हा सावलीच पडत नाही, आणि उतार व तळ एकसारखे सपाट दिसतात.

वेळ ठरविण्यास घड्याळापेक्षा काठी बरी. सपाट जागी काठी उभी रोवावी. तिची सावली काठीएवढी झाली, म्हणजे सूर्य 45 अंशांवर आला. सावली त्याहून थोडी आखूड होताच छायाचित्र घ्यावे. मे महिन्यात ही वेळ सकाळी नऊनंतर व दुपारी साडेतीनपूर्वी येते. डिसेंबरच्या उत्तरार्धात सूर्य माध्यान्हीसही 46 अंशांच्या आसपासच चढतो. म्हणून त्या दिवसांत दुपारी बाराच्या पुढेमागे काम उरकावे.

विहिरीची गोष्ट वेगळी. खोल विहिरीच्या तळाशी ऊन पोहोचते ते उन्हाळ्यात, भरदुपारीच.

उभे राहण्याची जागा

विस्तृत छायाचित्र, म्हणजे पॅनोरमा, घेताना मोबाईल एका बाजूकडून दुसरीकडे फिरवितात व तो चित्राच्या पट्ट्या जोडतो. पूर्ण वर्तुळ फिरविल्यास सूर्य चित्रात येऊन बाकीचे काळवंडते. यास्तव सूर्य पाठीशी ठेवून अर्धवर्तुळच फिरवावे. सकाळी पूर्वेच्या बांधावर उभे राहिल्यास समोरचे तीन उतार दिसतात. दुपारी पश्चिमेच्या बांधावरून घेतल्यास राहिलेला चौथाही येतो. फिरविताना मजुरांना क्षणभर थांबण्यास सांगावे, अन्यथा माणसे चित्रात तुटलेली दिसतात.

काळी माती व कॅमेरा

आपली काळी माती उजेड शोषून घेते, तर पांढरा मुरूम व सिमेंट तो परत फेकतात. पुष्कळ मोबाईल पहिल्या भागाचा उजेड धरून पुढचे सर्व चित्र घेतात. काळ्या खड्ड्यापासून आरंभ केल्यास आकाश व मुरूम पांढरेफटक होतात. मुरमापासून केल्यास माती काळीकुट्ट होते. म्हणून मध्यम उजेडाच्या, गवताळ बांधासारख्या भागापासून आरंभ करावा.

लक्षात ठेवावयाच्या गोष्टी

1. मोबाईलचे भिंग स्वच्छ कापडाने पुसावे.
2. उभे राहण्याच्या जागी खुंटी ठोकून तिन्ही टप्प्यांची छायाचित्रे तेथूनच घ्यावीत.
3. तळात मीटरचे तांबडे-पांढरे पट्टे रंगविलेली दांडी उभी करावी. ढगाळ दिवशी सावली नसताही खोली कळते.
4. छायाचित्र जागेवरच मोठे करून तळ, उतार व दांडी दिसतात याची खात्री करावी.
5. पावसाची वाट पाहू नये. खोदकाम संपताच दुसऱ्याच दिवशी छायाचित्र घ्यावे.

शेतकऱ्याने स्वतःही एक प्रत आपल्या मोबाईलमध्ये जपून ठेवावी. घामाने झालेल्या कामाचा पुरावा त्याच्या हाती असणे केव्हाही हिताचे.