एकटीसाठी कशाला चूल पेटवायची?

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या मागच्या गल्लीतल्या एक आजी सकाळी नळावर दिसल्या नाहीत. पाण्याच्या रांगेत त्यांचा हंडा नेहमी पहिल्या चार-पाचांत असायचा. शेजारच्या सुनेने दार ढकललं तर आजी खाटेवर घामाने भिजलेल्या, हात थरथरतायत, बोलणं तोंडातल्या तोंडात. लकवा मारला म्हणून रडारड सुरू झाली. आम्ही जाऊन बोटातलं रक्त तपासलं. साखर 48! गिळता येत होतं म्हणून साखरेचं पाणी पाजलं, पंधरा-वीस मिनिटांत आजी नाव घेऊन बोलू लागल्या, मग रिक्षाने दवाखान्यात नेलं.

दोन दिवस त्यांनी चहा-खारीवर काढले होते. साखरेची गोळी मात्र न चुकता घेतली होती. विचारलं तर म्हणाल्या, "एकटीसाठी कशाला चूल पेटवायची, बाई?" आम्ही दोन गल्ल्या सोडून राहतो, वस्तीत तपासणीची शिबिरं घेतो, आणि हे आमच्या ध्यानात आलं नव्हतं.

वॉर्डात ड्यूटी करायचो तेव्हा पेशंटच्या कागदावर 'घरी एकटे राहतात' एवढं लिहून पुढच्या खाटेकडे जायचो. त्या तीन शब्दांत काय काय असतं, ते वस्तीत फिरायला लागल्यावर कळलं. एकट्या माणसाचं कुठलं काम आधी सुटतं? झाडलोट सुटत नाही, भांडी-कपडे सुटत नाहीत, कारण ते चारचौघांना दिसतं. सुटतो तो स्वयंपाक. रिकामं पातेलं कोणी बघायला येत नाही.

म्हणून साखरेचा आजार असेल आणि घरात एकटे असाल, तर हे नीट वाचा. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेऊन जेवण टाळलं, तर रक्तातली साखर एकदम खाली येते. नुसत्या मेटफॉर्मिनने सहसा तसं होत नाही. आपली गोळी कोणती, हे पुढच्या वेळी डॉक्टरांना किंवा नर्सला पाकीट दाखवून विचारून घ्या. घाम, थरथर, छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी, उगाच चिडचिड, अशी लक्षणं दिसली तर तीन-चार चहाचे चमचे साखर पाण्यात ढवळून लगेच प्या. पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा घ्या, आणि मग पोटभर जेवा. खाटेशेजारी डबीत साखर असूच द्या. मधुमेहवाल्याच्या उशाशी साखर बघून लोक हसतील, हसू द्या. माणूस बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काहीही ओतू नका. कुशीवर वळवा आणि 108 ला फोन करा.

एकट्याचा स्वयंपाक मोठा नको. एक मूठ तांदूळ, अर्धी मूठ मुगाची डाळ, एखादा टोमॅटो किंवा हाताला लागेल ती पालेभाजी, कुकरच्या तीन शिट्ट्या. सोबत उकडलेलं अंडं. फ्रिज नसेल तर उन्हाळ्यात सकाळचा भात रात्रीसाठी ठेवू नका. त्यात होणारं काही विष पुन्हा गरम करूनही जात नाही. रात्रीला भाकरी बरी. अगदीच उठवत नसेल त्या दिवसासाठी फुटाणे आणि भाजलेले शेंगदाणे डब्यात भरून ठेवा. सुकटीच्या चटणीवर भाकरी छान जाते हे आम्हीही जाणतो, पण बीपी असेल तर त्यातलं मीठ जपून.

पुरुषांचं वेगळंच. बायको गेल्यावर वडापाव आणि बाहेरच्या चहावर दिवस काढणारे काका प्रत्येक गल्लीत एक तरी सापडतील. साठ वर्षांत भात लावायला कोणी शिकवलं नाही, आता शिकायची लाज वाटते. ज्यांच्या घरी मुलगे आहेत त्यांनी यंदाच शिकवा.

वजनाची कामं एकट्याने करू नयेत. पंधरा लिटरचा हंडा म्हणजे पंधरा किलो. दोन अर्ध्या कळशा आणा. गॅसच्या भरलेल्या टाकीत 14.2 किलो गॅस आणि जवळपास तेवढंच लोखंड, ती आणणाऱ्याकडूनच जागेवर लावून घ्या. पाण्याचा ड्रम आठवड्यातून एकदा रिकामा करून आतून घासायचा असतो, नाहीतर कडेला चिकटलेल्या अंड्यांतून डेंग्यूचे डास होतात. म्हाताऱ्या माणसाला ते जमत नाही. गल्लीतल्या पोरांनी रविवारी अर्धा तास दिला तर चार घरांचे ड्रम होतील.

बाया आणखी एक चूक करतात. रात्री सार्वजनिक संडासाला एकटीने जायची भीती, म्हणून दुपारपासूनच पाणी प्यायचं बंद. मग लघवीची जळजळ, बद्धकोष्ठता. पाणी दिवसभर प्या, रात्रीसाठी मोरीत झाकणाची बादली ठेवा. उठताना एकदम उठू नका. आधी बसा, मिनिटभर थांबा, दिवा लावा, मग पाऊल टाका. बीपीची गोळी घेणाऱ्यांना झटकन उठल्यावर चक्कर येते आणि ओल्या मोरीत खुबा मोडतो.

एकटं राहणं म्हणजे नुसतं दुःख, असं मात्र आम्ही मानत नाही. नवऱ्याचा मार सोडून खोली घेतलेली एक ताई म्हणाली, "पहिल्यांदा रात्रभर झोपले." तिला कोणी बिचारी म्हणू नये. पण तापात पडली तेव्हा पाण्याचा तांब्या द्यायला कोणी नव्हतं, हेही तिनेच सांगितलं. दोन्ही खरं आहे. झोप उडाली, कशातच जीव लागेना, असं दोन आठवडे चाललं तर 14416 वर मोफत बोलता येतं. ज्येष्ठांसाठी 14567 हा नंबर आहे.

त्या आजींच्या घराची एक किल्ली आता शेजारच्या सुनेकडे असते. पाणी सुटल्यावर हंडा रांगेत दिसला नाही, तर ती आधी आजींचं दार वाजवते आणि मग स्वतःचं पाणी भरते. संध्याकाळी जाता-येता आम्ही दारातून एवढंच विचारतो, "आजी, आज काय केलंय?" उत्तर 'काही नाही' आलं, तर त्या दिवशी आमच्याकडून ताट जातं. दुसऱ्या दिवशी आजी ते ताट भाजी घालून परत आणतात.