दगडांचे रिंगण

नागपूरहून काटोलकडे जाताना जुनापाणी गाव लागते. तिथल्या माळावर मोठमोठे धोंडे गोल मांडलेले दिसतात. अशी सुमारे ३०० रिंगणे तिथे आहेत. कोणी म्हणेल, हे जुने खळे. कोणी म्हणेल, भुताचे काम. पण हे दोन्ही खरे नाही. ही माणसांची थडगी आहेत. त्यांना शिळावर्तुळे म्हणतात. शिळा म्हणजे दगड. वर्तुळ म्हणजे गोल.

ही थडगी दोन-अडीच हजार वर्षांहून जुनी आहेत. १८७९ साली रिव्हेट-कारनॅक या इंग्रज अधिकाऱ्याने त्यातली काही उकरली. आत लोखंडी कुऱ्हाडी, खंजीर, घोड्याचे लगाम आणि काळी-तांबडी मडकी निघाली. मेलेल्या माणसाला पुढच्या वाटेवर वस्तू लागतील, अशी त्या लोकांची समजूत असावी. आपणही दहाव्याला गेलेल्याच्या आवडीचा घास ठेवतोच ना?

हे लोक अडाणी नव्हते. नागपूर जिल्ह्यातच नायकुंड येथे त्यांची लोखंड गाळायची भट्टी सापडली. आपल्या अमरावती जिल्ह्यातही त्या काळी वस्ती होती. चांदूर बाजार तालुक्यात पूर्णेच्या काठी फुपगाव आहे. तिथे २०१८-१९ साली पुरातत्त्व खात्याने खोदकाम केले. गोल घराची जागा, मणी आणि लोखंडी वस्तू मिळाल्या.

दूर इंडोनेशिया देशात तोराजा नावाचे लोक राहतात. ते उंच कड्यात खोली कोरून त्यात मेलेल्यांना ठेवतात. इतक्या उंच का? सोबत ठेवलेल्या वस्तू चोरांनी नेऊ नयेत म्हणून, असे तिथे सांगतात.

आपली रिंगणे मात्र उघड्या माळावर आहेत. त्यांना कड्याची राखण नाही. कोणी धनाच्या आशेने ती उकरतो. हाती बहुधा गंजके लोखंड आणि खापरे येतात. कोणी धुऱ्यासाठी धोंडे उचलून नेतो. धोंडा हलला की माहिती गेली. वस्तू कुठे, कशी ठेवली होती, त्यावरूनच जाणकार जुना काळ ओळखतात. ती जागा एकदा मोडली की पुन्हा जुळत नाही.

म्हणून वावरात असे रिंगण किंवा जुनी वस्तू दिसली, तर हात लावू नका. तहसीलदारांना कळवा. या थडग्यांची राखण आता आपणच करायची.

सांगा पाहू :
१. शिळावर्तुळ म्हणजे काय?
२. थडग्यात वस्तू का ठेवत असावेत?
३. तुमच्या शिवारात असे धोंडे आहेत काय?