छातीत दुखलंच नव्हतं

माझा हृदयविकार पहिल्यांदा ओळखला तो दातांच्या डॉक्टरांनी. गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलात मी रोज सकाळी फिरायला जाते. त्या हिवाळ्यात निम्मी फेरी झाली की खालचा जबडा ठणकायचा, बाकावर टेकलं की थांबायचा. दाढ किडली असेल म्हणून दवाखाना गाठला. डॉक्टरांनी दाढा ठोकून पाहिल्या, एक्स-रे काढला आणि विचारलं, "काकू, चालतानाच दुखतं का? बसल्यावर थांबतं?" मी हो म्हटल्याबरोबर त्यांनी हृदयरोगतज्ज्ञांच्या नावे चिठ्ठी दिली.

घरात कुणाला पटेना. छातीत कळ नाही, डावा हात दुखत नाही, मग हार्टचा आजार कसला? त्यात ईसीजी नॉर्मल आला. मुलगा म्हणाला, "झालं ना आता समाधान?" पण तज्ज्ञांनी समजावलं, "ईसीजी काढताना तुम्ही निवांत पडून होतात. दुखतं ते चालताना, म्हणजे चालवूनच बघायला हवं." स्ट्रेस टेस्टमध्ये दोष दिसला, अँजिओग्राफीत अडथळा सापडला आणि स्टेंट बसला.

साठी ओलांडलेल्या बायकांना आणि मधुमेह असलेल्या सगळ्यांनाच माझं सांगणं आहे, की छातीतल्या कळेची वाट बघू नका. पाळी गेल्यावर बाईचा हृदयविकाराचा धोका वाढत जातो. जुन्या मधुमेहात नसा बधिर होतात, त्यामुळे कळ जाणवेलच असं नाही. त्याऐवजी धाप लागते, मळमळतं, दरदरून घाम येतो, पाठ किंवा जबडा दुखतो, नाहीतर विनाकारण गळून गेल्यासारखं होतं. आपण त्याला पित्त म्हणतो, गॅस म्हणतो, नाहीतर "वय झालं" म्हणून सोडून देतो. श्रम केले की सुरू होतं आणि विसावलं की थांबतं, असं काहीही असो, तपासून घ्या. मागच्या महिन्यात एका दमात चढलेल्या जिन्यावर आज मध्येच थांबावं लागत असेल, तरीही.

बसूनही त्रास थांबत नसेल, घाम फुटला असेल, तर ओवा-सोडा घेत बसू नका. 108 ला फोन लावा. स्वतः गाडी चालवू नका, स्कूटरवर मागेही बसू नका. दवाखान्यात पहिला ईसीजी ठीक आला तरी थोड्या वेळाने पुन्हा काढतात, रक्तातलं ट्रोपोनिन तपासतात. तोवर घरी जायची घाई नको. रेशनकार्ड, आधार आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी एका पिशवीत ठेवा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी बसते, पण योजनेतल्या रुग्णालयातच. त्यामुळे जवळचं कोणतं, ते आधीच विचारून ठेवा.

रोजचं पथ्य फार अवघड नाही. बीपी मोजण्याआधी अर्धा तास चहा घेऊ नका. पाठ टेकून पाच मिनिटं शांत बसा, हात हृदयाच्या उंचीला ठेवा, दोनदा मोजा आणि वहीत लिहा. घरचे आकडे सारखे 135/85 च्या वर जात असतील तर वही डॉक्टरांना दाखवा. मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभर, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यात ठेचा, लोणचं, पापड आणि खारे शेंगदाणेही मोजायचे. तंबाखू खात नाही म्हणणाऱ्या कितीतरी जणी मिश्री लावतात. तीही तंबाखूच.

बरं वाटतंय म्हणून गोळ्या सोडू नका. स्टेंटनंतरची रक्त पातळ ठेवणारी गोळी तर दाढ काढायची असली तरी परस्पर बंद करायची नाही. आमच्या फिरायच्या गटात चतुर्थी-एकादशीला गोळ्या न घेणाऱ्या बऱ्याच आहेत. बायांनो, बीपीची गोळी पाण्याबरोबर घेतल्याने उपवास मोडत नाही. साखरेच्या गोळ्यांचं मात्र आदल्या दिवशीच डॉक्टरांना विचारा, कारण रिकाम्या पोटी साखर एकदम उतरते. ते म्हणाले उपवास नको, तर धरू नका.