शब्दबोध : 'तेतेलेस्ताय'



गुड फ्रायडेला आपण दरवर्षी संत योहानाच्या शुभवर्तमानातील प्रभूच्या दुःखसहनाचा वृत्तांत ऐकतो. प्राण सोडण्यापूर्वी प्रभू येशू म्हणतो, 'पूर्ण झाले आहे' (योहान १९:३०). मूळ ग्रीकमध्ये हा एकच शब्द आहे : 'तेतेलेस्ताय'.

हे 'तेलेओ' या क्रियापदाचे रूप. त्याच्या मुळाशी 'तेलोस' हा शब्द आहे. त्याचे अर्थ दोन : शेवट आणि ध्येय. म्हणून 'तेलेओ' म्हणजे नुसते संपवणे नव्हे, तर हाती घेतलेले काम तडीस नेणे. प्रभूने स्वकीयांवर 'तेलोस'पर्यंत प्रेम केले, असे योहानाने आधीच सांगितले आहे (१३:१). ते प्रेम क्रुसावर तडीस गेले.

आता काळ पाहू. हा ग्रीकमधील पूर्णकाळ आहे. काम झाले आणि त्याचे फळ अजून टिकून आहे, असे तो सांगतो. 'आजोबांनी विहीर खोदली' ही जुनी हकिकत झाली. 'विहीर खोदलेली आहे' म्हटले, की आजही पोहरा सोडता येतो. म्हणूनच मराठीत 'झाले'पुढचा 'आहे' गाळून चालत नाही.

घरात मयत झाले, की आपल्या तोंडून 'संपले सारे' असे निघते. क्रुसाजवळही एक आई उभी होती. पण तिच्या पुत्राचा शब्द 'संपले' हा नव्हता. येत्या गुड फ्रायडेला आपण त्या 'आहे'कडे कान देऊ या.