पेल्ला : आश्रयाचे नगर

(शास्त्रवाचन : लेवीय १९:३३-३४, अनुवाद २६:५-११)



अमेरिकेतील आयोवा राज्यात पेल्ला नावाचे एक लहानसे नगर आहे. दरवर्षी मे महिन्याच्या आरंभी तेथे ट्यूलिप फुलांचा उत्सव भरतो. नगरवासी पूर्वजांचा डच पोशाख व लाकडी पादत्राणे घालून रस्ते धुतात आणि मग मिरवणूक निघते. हा उत्सव १९३५ साली सुरू झाला.

या शोभेमागील इतिहास मात्र दुःखाचा आहे. १८३४ साली नेदरलँड्समध्ये काही विश्वासणारे राजमान्य मंडळीतून वेगळे झाले. त्यांच्या सभांवर बंधने आली, त्यांना दंड झाले. त्यांचे एक पाळक हेन्ड्रिक स्कोल्टे यांना तुरुंगवासही घडला. पुढे बटाट्याच्या पिकावर रोग पडून गरिबांचे हाल झाले. अखेर १८४७ साली स्कोल्टे यांच्या नेतृत्वाखाली सुमारे ८०० जण आयोवात येऊन वसले.

त्यांनी नगराला पेल्ला हे नाव का दिले? इ. स. ७० मध्ये यरुशलेमचा नाश होण्यापूर्वी तेथील ख्रिस्ती लोक यार्देनेपलीकडील पेल्ला नगरात आश्रयास गेले, असे प्राचीन मंडळीचा इतिहासकार युसेबियस सांगतो. तेच नाव या निर्वासितांनी आपल्या नव्या घरास दिले.

परंतु १९१८ साली, महायुद्धाच्या काळात, आयोवाचे गव्हर्नर विल्यम हार्डिंग यांनी शाळांत, सार्वजनिक ठिकाणी, टेलिफोनवर, इतकेच नव्हे तर उपासनेतही इंग्रजीखेरीज अन्य भाषा वापरण्यास मनाई केली. ज्या भाषेत वाडवडिलांनी आश्रयासाठी देवाचा धावा केला, तीच भाषा आश्रयाच्या भूमीत परकी ठरली! त्याच वर्षाच्या डिसेंबरात हा हुकूम मागे घेण्यात आला.

पीक हाती आल्यावर पहिल्या फळांची टोपली वेदीपुढे ठेवताना, आपला पूर्वज भटकणारा होता हे बोलून दाखवावे, अशी आज्ञा इस्राएलास होती. आनंदाच्या दिवशीच ही आठवण का? कारण स्थिरावलेला मनुष्य आपले उपरेपण लवकर विसरतो. म्हणूनच उपऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची आज्ञाही त्या आठवणीशीच जोडलेली आहे.

वाचकहो, आपल्यापैकी कित्येकजण महाराष्ट्राबाहेर राहून मराठीत उपासना करतात. आपल्या मंडळीचा वर्धापनदिन आपण थाटाने साजरा करतो, ते योग्यच आहे. पण त्या दिवशी मागच्या बाकावर परक्या भाषेचा कोणी एकटा बसला असेल, तर त्याला आपली मंडळी पेल्ला वाटेल काय?